पाठ झालेला तक्ता

मी एक डोळे तपासायचा तक्ता. जाड पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, मागे कापडाचं अस्तर, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि टांगायला दोरी. सगळ्यात वर एकटं, मोठं ‘ग’. त्याखाली ‘प व’, मग ‘ट म न’, मग ‘ल र द स’, आणि अशी अक्षरं लहान होत होत सातव्या ओळीत पार मुंगीएवढी होतात.

मला काम एकच येतं. माणसाला सहा मीटरवर उभं करा, त्याचा एक डोळा झाका आणि मला वाचायला सांगा. तो कुठे अडतो ते कळतं, आणि मग दुसऱ्या डोळ्याची पाळी. बस. पण एवढं एक काम तरी मी चोख करतो, माझ्यासमोर कुणाची लबाडी चालत नाही, असा मला फार वर्षं ताठा होता. तो कसा उतरला तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

छापखान्यात मला एका चष्मेवाल्या आजोबांनी जुळवलं. प्रत्येक अक्षराची उंची ते पट्टी लावून मोजत आणि मनासारखी नसली की पुन्हा पहिल्यापासून. मदतीला असलेल्या त्यांच्या सुनेने एकदा विचारलं, की अक्षरं अशी वेडीवाकडी का टाकताय, काहीतरी अर्थ लागेल असं टाका की. आजोबा म्हणाले, “अर्थ लागला की माणूस बघत नाही, अंदाजाने वाचतो. याच्यात बघावंच लागलं पाहिजे.” तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. कोरा करकरीत होतो, स्वतःच्याच रूपावर खूश होतो.

त्या वर्षी शाळांच्या अभ्यासक्रमात ‘आरोग्य’ हा विषय नव्याने आला होता. त्यामुळे एका शाळेत एक मोठं खोकं पोचलं. त्यात वजनकाटा होता, उंची मोजायची पट्टी होती, प्रथमोपचाराची पेटी होती, पातळशा पुस्तकांचा गठ्ठा होता आणि मी होतो. वेळापत्रकात आम्हाला मंगळवारचा चौथा तास मिळाला, मधल्या सुट्टीच्या अगदी आधीचा.

हा तास ज्या बाईंकडे आला त्यांना सगळे आरोग्यबाई म्हणू लागले. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडचं पोरही थांबावं. पुस्तक त्या फारसं उघडतच नसत. हात धुवायचा धडा आला की अख्खा वर्ग नळावर न्यायच्या. नळाला पाणी नसलं तर आधी मुख्याध्यापकांकडे जाऊन भांडायच्या आणि पाणी आल्यावर धडा घ्यायच्या. एकदा या भांडणात तीन मंगळवार गेले. पण चौथ्या मंगळवारी पाणी आलं.

मला त्या कपाटात गुंडाळून ठेवत. वर्षातून दोनदा बाहेर काढत. जमिनीवर रंगाने आखलेली एक रेघ होती, तिच्यावर मुलाचे अंगठे टेकले पाहिजेत. डोळा दाबायचा नाही, हाताची वाटी करून नुसता झाकायचा. बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला त्या बरोबर पकडत. आणि मूल अडलं की “हं, पुढे?” असं कधीच म्हणत नसत. नुसतं लिहून घेत.

एकदा त्यांना सात वर्षांचा एक मुलगा सापडला. डावा डोळा छान, उजव्याने मात्र फक्त ‘ग’ आणि ‘प व’. त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. कसा असणार? दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली, म्हणजे आळशी डोळा झक मारत कामाला लागेल. पट्टी बघून वर्ग त्याला समुद्री चाचा म्हणायला लागला. बाईंनी कुणाला रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या कागदाच्या चाळीस पट्ट्या कापून घेऊन आल्या आणि दिवसभर सगळा वर्ग चाच्यांचा झाला. पुढे दीडेक वर्षाने तो मुलगा उजव्या डोळ्याने माझी सहावी ओळ वाचून गेला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

मग बाई निवृत्त झाल्या. जायच्या आधी त्यांनी मला टेबलावर पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. पुन्हा गुंडाळलं, कपाट लावलं, किल्ली देऊन टाकली.

ती किल्ली आली उजळणीसरांकडे. हे नाव मुलांनी ठेवलेलं आणि अगदी योग्य. पहिलीत आलेला वर्ग चौथीपर्यंत त्यांच्याकडेच राहायचा आणि त्यांच्या हाताखालून कच्चं मूल बाहेर पडलंय असं कधी झालं नाही. पाढे, कविता, नद्या, सगळं घोटून घेत. माणूस मायेचा होता. मागे पडलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर स्वतःच्या डब्यातलं खायला देऊन शिकवणारा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

मंगळवारचा चौथा तास त्यांनी गणिताला दिला. वेळापत्रकात ‘आरोग्य’ तसंच राहिलं, फळ्यावर मात्र बेरजा. त्यांचंही चुकत होतं असं नाही, कारण गणित पुरं झालं नाही तर वरून विचारणा होई आणि आरोग्याचं कुणी विचारत नसे. वर्ष संपता संपता ती पातळ पुस्तकं एकदा वाटली जायची. ‘जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत’ हे मुलं पाच पाच वेळा लिहायची, घंटा व्हायची आणि शाईने भरलेल्या हातांनीच डबे उघडायची. नळाला पाणी आहे की नाही, हे बघायला आता कुणी जात नव्हतं.

अशात तपासणीचं पथक येणार असं कळलं आणि प्रत्येक वर्गात ‘आरोग्य कोपरा’ हवा असा हुकूम निघाला. सरांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि भिंतीवर ठोकलं. चारी कोपऱ्यांत चार खिळे. पाठ भिंतीकडे. बाईंनी काय लिहून ठेवलंय ते बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि आता दिसायची सोयही राहिली नाही.

खरं बोलायचं तर मला तेव्हा आनंद झाला. इतकी वर्षं अंधारात काढल्यावर रोज चाळीस चेहरे बघायला मिळणार होते.

त्याच वर्षी पहिलीत एक मुलगी आली. तिची आई शाळेच्या मागच्या गल्लीत कपडे शिवायची. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला दोऱ्यांची रिळं. मुलगी तिथेच वाढलेली. आईची फार इच्छा, की हिने हातशिलाईचं बारीक काम शिकावं, कारण स्वतःची नजर आता दमायला लागली होती. हे मला कळलं ते मुलगीच बाकावरच्या मैत्रिणीला सांगत असे म्हणून. तोंड सतत चालू असायचं तिचं.

नोंदवहीत डोळ्यांचा रकाना होता, म्हणून सरांनी एके दिवशी तपासणी घेतली. मुलीने डावा डोळा झाकला आणि उजव्याने सहा ओळी झरझर वाचल्या. मग उजवा झाकला. “ग,” ती म्हणाली. आणि थांबली.

मी तिला पकडलं होतं. हे लक्षात ठेवा. ती तेव्हा सहा वर्षांची होती, आणि मी माझं काम केलं होतं.

सर म्हणाले, “आत्ता तर वाचलंस की. लक्ष कुठाय तुझं?”

मुलीने मान खाली घातली. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगता येणार? या डोळ्याने जग असंच दिसतं, सगळ्यांनाच असं दिसत असणार, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी आणखी सात-आठ मुलं अडखळली. त्यांतली काही खरोखरच अक्षरांत कच्ची होती. सरांनी सगळ्यांचा हिशोब एकच केला. मूल अडलं म्हणजे त्याला येत नाही, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक होतं. त्याला दिसत नसेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि म्हणाले, “उजळणी करू. मग पुन्हा घेऊ.”

आणि उजळणी सुरू झाली. रोज सकाळी पाढ्यांच्या पाठोपाठ मी. सर छडीचं टोक माझ्यावर ठेवत आणि वर्ग एका सुरात म्हणे, “ग! प-व! ट-म-न! ल-र-द-स!” चाल बसली होती. पोरं मधल्या सुट्टीत माझ्या चालीवर उड्या मारायचा खेळ खेळू लागली, एकेका अक्षराला एकेक उडी. आठ दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. शिंपीणबाईंच्या मुलीने उजवा डोळा झाकला आणि सातव्या ओळीपर्यंत न थांबता म्हणून दाखवलं. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. रकान्यात लिहिलं, ‘उत्तम’.

मी काय केलं म्हणता? मी सुखावलो. चाळीस कोवळे आवाज रोज माझं नाव घेतल्यासारखं मला म्हणत होते. कविता झालो होतो मी. त्या मुलीला काही दिसत नाहीये हे मला कळत होतं, पण त्या चालीत मीही डोलत होतो. याची लाज मला अजून वाटते.

पुढची खूण सगळ्यांच्या समोर होती, पण कुणी बघेल तर शपथ. ही मुलगी पाणी ओतायला गेली की पेल्याच्या बाहेर ओते. चेंडू झेलायला दोन्ही हात पुढे करी आणि चेंडू कपाळावर घेई. अंतर जोखायला दोन डोळे लागतात, आणि हिचा कारभार एकावर चाललेला. वर्गाने तिचं नाव वेंधळी ठेवलं. तीही हसून ओ देई. घरी आई सुई-दोरा हातात देई आणि दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जाई. “आई म्हणते माझं चित्त थाऱ्यावर नसतं,” असं ती मैत्रिणीला सांगत होती. ते मात्र हसून नव्हे.

तिसरीतली गोष्ट. परीक्षेचं वेळापत्रक लावायला सरांना भिंतीवर जागा सापडेना, तेव्हा त्यांनी तो कागद माझ्यावरच चिकटवला. माझी चौथी आणि पाचवी ओळ पार झाकली गेली. दोन दिवसांनी वार्षिक तपासणी. सर नोंदवहीत मान घालून बसलेले. एकेक मूल रेघेवर येई, डोळा झाकी आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून जाई. चौथी ओळ, पाचवी ओळ, सगळं. समोर कागद आहे, कागदावर ‘गणित, सकाळी आठ’ लिहिलंय, आणि पोरं म्हणतायत ‘ल-र-द-स’.

अख्ख्या वर्गाने न दिसणाऱ्या ओळी वाचल्या. कुणी हसलं नाही. कुणाला वेगळं काही घडतंय असं वाटलंच नाही. वेंधळीही वाचून गेली, दोन्ही डोळ्यांनी. त्या वर्षी आरोग्याच्या लेखी परीक्षेत ‘डोळ्यांची काळजी कशी घ्याल?’ असा प्रश्न होता. तिने पाच मुद्दे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

त्या वेळी ती आठ वर्षांची होती. अजूनही बरंच काही करता आलं असतं. मी खिळ्यांवर ताणून बघितलं, एक कोपरा जरी सुटून खाली लोंबला असता तरी कुणीतरी मला काढलं असतं. पण सरांनी खिळे पक्के ठोकले होते.

चौथीनंतर ती वरच्या वर्गात गेली, मी तिथेच राहिलो. सरांकडे नवी पहिली आली आणि त्या मुलांनीही मला पाठ केलं.

मग एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरबाई शाळेत तपासणीला आल्या. आमच्या वर्गात उजेड चांगला म्हणून सगळ्या शाळेला तिथेच बोलावलं. बाईंनी स्वतःचा तक्ता आणला होता, अक्षरं वेगळी. तो त्यांनी माझ्या शेजारी टांगला. रांग लावायला उजळणीसर उभे होते. सातवीचा वर्ग आला. ती आता उंच झाली होती, दोन वेण्या पाठीवर, बोलणं तेवढंच.

उजव्या डोळ्याने तिने छान वाचलं. मग उजवा झाकला, वरचं एकटं मोठं अक्षर तेवढं वाचलं आणि अडली. डॉक्टर थांबल्या. आरोग्यबाईंसारख्याच, “पुढे?” न म्हणता थांबल्या.

“बाई,” मुलगी जरा ओशाळून म्हणाली, “हा तक्ता आम्हाला शिकवलेला नाही. तो शेजारचा शिकवलाय.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “बरं, मग तो वाच.” तिने उजवा डोळा झाकलेला ठेवूनच मला घडाघडा वाचलं. डॉक्टरांनी तिचे खांदे धरून तिला पाठमोरी केली. “आता पुन्हा वाच.” आणि भाबडी पोर, माझ्याकडे पाठ करून, दाराकडे बघत, त्याच चालीत सगळं म्हणून गेली. रांगेतली दोन-चार मुलंही सवयीने सूर धरायला लागली.

सरांच्या हातातली यादी खाली आली.

दुपारी आईला बोलावलं. ती कामावरून तशीच आली होती, गळ्यात मोजपट्टी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून वेगळा असावा. मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडलंय. सहा-सात वर्षांची असताना चष्मा आणि पट्टी झाली असती तर डोळा बराचसा वळणावर आला असता. आता बारा संपत आलीत. प्रयत्न करू, पण फार आशा देत नाही. उजवा डोळा मात्र आता जिवापाड जपायचा.

आईला ते पटेचना. तिने पिशवीतून प्रगतिपुस्तकं काढली. सगळी आणली होती, पहिलीपासूनची. “दरवर्षी आरोग्याला ‘उत्तम’ आहे बघा ना,” ती म्हणत राहिली. “मी तिला किती बोलले हो. सुई ओवता येत नाही म्हणून मी तिच्या हातावर चापट्या मारल्यात.”

सर इतका वेळ खिडकीपाशी होते. तिथूनच म्हणाले, “ते ‘उत्तम’ मी लिहिलंय, ताई. चौथीपर्यंतचं सगळं माझं अक्षर आहे. पुढच्यांनी तेच उतरवून घेतलं.”

आई त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त प्रगतिपुस्तकं एकावर एक नीट रचली, मुलीचा हात धरला आणि गेली.

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी पक्कड आणली आणि माझे चारी खिळे उपसले. मी सुटलो आणि टेबलावर पालथा पडलो. पेन्सिल फिकी झाली होती, तरी वाचता येत होतं. ‘तपासणीच्या दिवशीच बाहेर काढावा. रोज दिसला तर मुले पाठ करतात.’ सर ते वाचून खुर्चीवर बसले, ते शिपाई दारं लावायला येईपर्यंत उठले नाहीत.

आता मी पुन्हा कपाटात असतो. कागद पिवळा पडलाय, कोपरे फाटलेत, खिळ्यांची भोकं तशीच आहेत. मंगळवारचा चौथा तास सर आता आरोग्यालाच देतात. मोठ्या वर्गांसाठी त्यांनी दुसरा तक्ता आणवलाय, कारण त्या मुलांसमोर मला धरण्यात अर्थ नाही. मी निघतो तो फक्त पहिलीत आलेल्या, मला अजून ओळखत नसलेल्या मुलांसाठी. मूल अडलं की सर थांबतात आणि लिहून घेतात. गेल्या वर्षी त्यांना एक सापडलं, साडेसहा वर्षांचं. त्या दिवशी त्यांना आनंद झाला असेल असं वाटलं होतं, पण ते डोळे पुसत होते.

तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद भिंतीवर असेल, तर हात जोडून सांगतो, त्याला खाली काढा. पाठीवर कुणी काही लिहिलंय का ते बघा. आम्हाला शोभेला लावू नका, पाठ करू नका, आणि आमच्या नावाचा तास दुसऱ्या कुणाला देऊ नका. मूल अडलं तर अडू द्या. त्यासाठीच तर आम्ही आहोत.

ती मुलगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली, तेव्हा सर पहिलीची तपासणी संपवून मला गुंडाळतच होते. डोळ्यांवर चष्मा होता. डाव्या डोळ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, असं तिने सरांना सांगितलं, अगदी साध्या आवाजात. मग म्हणाली, “सर, तो एकदा लावता?”

सरांनी मला लावलं. ती रेघेवर अंगठे टेकवून उभी राहिली, हाताची वाटी केली आणि उजवा डोळा झाकला.

“ग,” ती म्हणाली.

पुढचं सगळं तिला पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं तिने. मी वाट बघत होतो, सरही बघत होते.

“पुढचं दिसत नाही, सर.”

सरांनी नोंदवही उघडली, तिचं जुनं पान काढलं, ‘उत्तम’ खोडलं आणि ती जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहिलं.